इंटरनेटच्या भाकऱ्या

आयईटीएफच्या बैठकीला आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात बिल्ला असतो आणि काही बिल्ल्यांवर रंगीत ठिपके असतात. निळा ठिपका म्हणजे कार्यगटाचा अध्यक्ष, लाल म्हणजे आर्किटेक्चर बोर्डावरचा, नारिंगी म्हणजे नेमणूक समितीतला, हिरवा म्हणजे यजमान. आणि पिवळा ठिपका म्हणजे ज्याच्या नशिबी गरम कॉफी नाही तो.

पिवळ्या ठिपक्याच्या माणसाला सभागृहाच्या दारातून कॉफीच्या टेबलापर्यंत जायचं असतं. अंतर फार तर तीस पावलं. पाचव्या पावलाला कुणीतरी ‘दोनच मिनिटं’ म्हणून अडवतं. त्याच्या मसुद्यावर दीड महिना उत्तर नाही. बाराव्या पावलाला दुसरा भेटतो; त्याच्या मसुद्यावर उत्तर आलंय आणि ते त्याला पटलेलं नाही. तिसरा काहीच बोलत नाही, हसून नुसता शेजारून चालत राहतो. सगळ्यात सांभाळून राहावं ते याच्यापासून, कारण याच्या बॅगेत अपील असतं. टेबलापाशी पोचेपर्यंत हॉटेलची माणसं कप आवरत असतात, बिस्किटांच्या ताटलीत चुरा उरलेला असतो आणि पुढच्या सत्राची वेळ झालेली असते.

आयईटीएफ म्हणजे इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स. फोनवरून पैसे पाठवताना मधे कुणी डोकावू नये म्हणून लागतो तो टीएलएस, संकेतस्थळाच्या नावावरून आकड्यांतला पत्ता काढून देतो तो डीएनएस, आणि असलेच आणखी हजारो नियम लिहिणारी, दुरुस्त करणारी ही संस्था. नियमाच्या कागदाला आरएफसी म्हणतात. पहिली आरएफसी एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने लिहिली. आता आकडा नऊ हजारांच्या पुढे गेलाय. संस्थेची पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये सॅन दिएगोला भरली, माणसं २१. आज बैठकीला हजाराच्या घरात माणसं येतात. बैठकीला यायची फी आहे, पण संस्थेचं सभासदत्व म्हणून काही नाही. कुणीही यावं, मेलवर मत द्यावं, मसुदा लिहावा. सभासदत्वच नसल्यामुळे अर्थात राजीनामाही देता येत नाही.

१९९२ साली एमआयटीच्या डेव्हिड क्लार्क यांनी आयईटीएफच्या व्यासपीठावरून सांगून टाकलं की इथे राजे नकोत, अध्यक्ष नकोत आणि मतदान तर नकोच. ढोबळ सहमती आणि प्रत्यक्ष चालणारा कोड, एवढ्यावर आपला विश्वास. वाक्य इतकं गाजलं की पुढे टी-शर्टांवर छापलं गेलं. राजा हाकलला तरी राजाचं काम मागे उरतं, हे मात्र टी-शर्टावर मावलं नाही. आणि मतदानाचा एक मोठा गुण लोकशाहीवाले कधी सांगत नाहीत: ते झालं की घरी जाता येतं.

मतदान नाही, मग ठरतं कसं? गुणगुणून. थट्टा नाही. अध्यक्ष विचारतो, “पहिला पर्याय हवा असेल त्यांनी गुणगुणा,” आणि खोलीभर बसलेली जाणती, टक्कल पडलेली, पेटंटं नावावर असलेली माणसं तोंड मिटून ‘हंऽऽऽ’ करतात. मग दुसऱ्या पर्यायाचा ‘हंऽऽऽ’. हात वर केले तर कुणीतरी मोजायला लागतं. शिवाय कुणाचा हात वर आहे ते शेजारी बसलेल्या साहेबाला दिसतं. गुणगुणण्यात मोजदाद नाही आणि पुरावाही नाही. कुठला आवाज भरदार होता ते अध्यक्षाने कानाने ठरवायचं. मार्च २०२० ची व्हँकुव्हरची बैठक कोरोनामुळे ऑनलाइन भरवावी लागली आणि प्रश्न पडला, म्यूट केलेली माणसं गुणगुणणार कशी? त्यावर साधन निघालं. बटण दाबून हळू किंवा जोरात गुणगुणायचं आणि निकाल पाश्चात्त्य संगीताच्या भाषेत यायचा: पियानिसिमो, पियानो, फोर्टे. कार्यगटाचा कौल ‘पियानो’ आला तर पुढे नेमकं काय करायचं, हे बिचाऱ्या अध्यक्षाला कुठल्याही आरएफसीत सापडत नव्हतं. लवकरच तिथे हात वर करायचं बटण आलं.

२०१४ मध्ये पीट रेझनिक यांनी या गुणगुणण्यावरच एक आरएफसी लिहिली, क्रमांक ७२८२. ती खरोखर वाचण्यासारखी आहे. तिचं म्हणणं असं, की डोकी मोजू नका, आक्षेप तपासा. शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असले, पण पाचांच्या आक्षेपाला उत्तर मिळालेलं नसलं, तर सहमती झालेली नाही. उलट पाच बाजूने आणि शंभर विरोधात असले, आणि शंभरांच्या आक्षेपाला नीट उत्तर देऊन झालेलं असलं, तर सहमती झाली. विचार थोर आहे. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत समित्यांबद्दल इतकं शहाणपणाचं फार कमी लिहिलं गेलंय. अडचण एवढीच, की ते ‘नीट उत्तर’ कुणीतरी द्यायचं असतं, आणि आक्षेप घेणाऱ्याला वेळच वेळ असतो.

हे कुणीतरी म्हणजे आधी कार्यगटाचा अध्यक्ष, आणि त्याच्याने निभेनासं झालं की एरिया डायरेक्टर. सगळे त्याला एडी म्हणतात. पिवळा ठिपका याचाच. आपल्याकडे ईडीचं पत्र आलं की पोटात गोळा येतो, तिकडे एडीचा शेरा आला की येतो. पण ईडीच्या अधिकाऱ्याला दरमहा पगार मिळतो. राउटिंग, सुरक्षा, ऑपरेशन्स वगैरे सहा-सात क्षेत्रं, बहुतेकांना दोन किंवा तीन एडी, आणि सगळ्यांची मिळून आयईएसजी नावाची पंधराएक जणांची सुकाणू समिती. खाली शंभरावर कार्यगट. गटाची सनद मंजूर करणं, अध्यक्ष नेमणं, अध्यक्षांचं भांडण सोडवणं, गटाचं काम संपलं की तो बंद करणं आणि बंद केल्याबद्दल शिव्या खाणं, सगळं एडीकडे.

या पदाला माणूस चढतो कसा, हे हाउसिंग सोसायटीत राहिलेल्याला समजावून सांगायला नको. ज्याने एका रविवारी गच्चीवरच्या टाकीच्या बॉलकॉकबद्दल तक्रार केली, तो पुढच्या रविवारी सेक्रेटरी असतो. इथेही तसंच. ‘या मसुद्यातलं तिसरं प्रकरण चुकलंय’ असं जो म्हणतो, त्याला संपादक करतात. संपादन जो वेळेत करतो, त्याला अध्यक्ष करतात. अध्यक्ष असताना ज्याचं कुणाशी वाजलं नाही, त्याचं नाव एडीसाठी जातं. काही न करणाऱ्याचं स्वातंत्र्य मात्र पहिल्या दिवशी होतं तितकंच शेवटपर्यंत शाबूत राहतं.

आता समजा, बाणेरला राहणारा आपला एखादा इंजिनिअर एडी झाला. कल्पनाच करायची तर वडिलांसकट करू.

“म्हणजे डायरेक्टर झालास तू?” बाबा पेपर खाली ठेवतात.

“हो. एरिया डायरेक्टर.”

“कुठला एरिया? नुसतं पुणे की सगळा महाराष्ट्र?”

“राउटिंग.”

बाबा जरा थांबतात. “बरं. पगार काय देतात?”

“ते काही देत नाहीत बाबा. पगार आपल्या कंपनीचाच.”

“मग कंपनीचं काम कोण करणार?”

“तेही मीच.”

“हाताखाली माणसं किती?”

“नऊ कार्यगट आहेत. पण ती माणसं माझ्या हाताखाली नाहीत. तसं बघितलं तर मीच त्यांच्या.”

“आणि हे किती दिवस?”

“दोन वर्षं. मग पुन्हा निवडलं तर आणखी दोन.”

बाबा आतल्या खोलीत ही बातमी सांगायला उठतात, पण नेमकं काय सांगायचं हे न सुचून पुन्हा पेपर उचलतात.

बाबांना न सांगितलेली गोष्ट म्हणजे हे काम कागदावर अर्धवेळ आहे. कुठलंही मानद काम कागदावर अर्धवेळच असतं. दिवसाचा कुठला अर्धा, ते मात्र कागदावर नसतं.

आता एडी करतो काय, तर मुख्यतः वाचतो. दर दुसऱ्या गुरुवारी आयईएसजीची औपचारिक सभा दूरध्वनीवर भरते. मधल्या गुरुवारी तरी सुटका असेल असं वाटेल, तर मधल्या गुरुवारी अनौपचारिक सभा असते. आपल्याकडे गुरुवार दत्तगुरूंचा, तिकडे मसुद्यांचा, आणि उपास दोन्हीकडे घडतो, कारण कॅलिफोर्नियातली सकाळ म्हणजे बाणेरमधली नेमकी जेवणाची वेळ. औपचारिक सभेपुढे जे मसुदे असतील ते सगळ्यांनी पाहिलेले असावेत अशी अपेक्षा असते. सगळ्यांनी म्हणजे राउटिंगवाल्याने सुरक्षेचे आणि सुरक्षावाल्याने ई-मेलचेसुद्धा. पंधरवड्याला अशी काही शेकडा पानं होतात. ही पानं रेलून वाचायची नव्हेत. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ अशा शब्दांचे अर्थ ठरवून द्यायला १९९७ मध्ये आरएफसी २११९ निघाली. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, आणखी एक काढून सांगावं लागलं की हे अर्थ कॅपिटल अक्षरांतल्या शब्दांपुरतेच, लहान लिपीतल्यांना नाहीत. तेव्हा वाचणाऱ्याने अक्षराच्या उंचीकडेही लक्ष ठेवायचं.

पूर्वी हे वाचन झेपायचं. आयपीची १९८१ ची आरएफसी ७९१, जॉन पोस्टेलनी संपादित केलेली, जिच्यावर उभं जग चालतं, ती पन्नासएक पानांची. इंटरनेटवरून फोन जोडणाऱ्या सिपची २००२ ची आरएफसी २६९ पानांची. फायली दुसऱ्या यंत्रावरून वाचायच्या एनएफएसची ४.१ ही आवृत्ती २०१० मध्ये निघाली तेव्हा सहाशेचा आकडा मागे पडला होता. लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. १९८१ मध्ये नेटवर्कवरचे लोक एकमेकांना ओळखत होते. आता प्रत्येक परिच्छेद लिहिताना तो वाचून कुणीतरी चोरी करणार आहे असं धरून लिहावं लागतं. सुरक्षेचा, खासगीपणाचा, नोंदणीचा असे जादा विभाग प्रत्येक मसुद्याला जोडावे लागतात, आणि जोडलेलं प्रत्येक पान पिवळ्या ठिपक्याखालून जातं.

एका मसुद्याचा प्रवास जवळून पाहू. मसुद्याचं आयुष्य सहा महिन्यांचं. तेवढ्यात कुणी हात लावला नाही तर तो आपोआप बाद होतो. नियम चांगला होता. निर्जीव मसुदे निजधामाला जावेत हा हेतू. लेखक मात्र पाच महिने एकोणतीस दिवसांनी जागा होतो, तारीख बदलतो, आवृत्तीचा आकडा एकाने वाढवतो आणि पुन्हा आडवा होतो. (टीएलएस १.३ चा मसुदा अठ्ठावीस आकड्यापर्यंत गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ झाला. पण तिथे प्रत्येक आकड्यामागे घाम होता.) बैठकीच्या दोन आठवडे आधीच्या सोमवारी मसुदे घ्यायचं बंद होतं. माणसाला मुदत दिली की तो मुदतीच्या शेवटच्या तासात काम करतो, मग तो आयकराचा करदाता असो की राउटिंगचा तज्ज्ञ. त्या सोमवारी रात्री मसुद्यांचा पाऊस पडतो. ते सगळं पुढच्या दोन आठवड्यांत वाचून, प्रवासाची बॅग भरून, विमानात बसायचं असतं.

कार्यगटाने मसुदा पक्का केला की त्याला पाठीराखा नेमतात. तो एक लांब प्रश्नावली भरतो. मग एडी वाचतो. मग सगळ्या आयईटीएफकडून दोन आठवडे हरकती मागवतात. त्याच सुमाराला सुरक्षेचे, ऑपरेशन्सचे, सर्वसाधारण असे निरनिराळे तपासनीस तो वाचून अहवाल देतात. एडींच्या खांद्यावरचा भार कमी व्हावा म्हणून ही तपासनीस मंडळं आहेत, आणि तपासनीसही बिनपगारीच. त्यांच्यामुळे एडीचा वाचनाचा वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात तो तपासनीसांचे अहवाल वाचतो.

यानंतर गुरुवारची सभा. प्रत्येक एडीने मसुद्यावर आपलं मत नोंदवायचं. ‘येस’ म्हणजे मन लावून वाचलं आणि पसंत आहे. ‘नो ऑब्जेक्शन’ म्हणजे वाचलं आणि चालेल, किंवा माझा विषय नाही, तुमच्यावर भरवसा आहे. आणि ‘डिस्कस’ म्हणजे थांबा. एकाने जरी डिस्कस टाकलं तरी मसुदा जागच्या जागी उभा राहतो. डिस्कस कशावर टाकावं आणि कशावर टाकू नये याचे लेखी निकष आहेत; ‘मला ही वाक्यरचना आवडली नाही’ यावर टाकता येत नाही. म्हणून वाक्यरचना न आवडलेला एडी रात्री जागून तिच्यातला तांत्रिक दोष शोधतो. बहुतेक वेळा तो सापडतोही, आणि इथे मला या माणसांबद्दल आदर वाटतो: सापडलेला दोष बहुतेकदा खरा असतो.

डिस्कस पडलं की लेखकाने उत्तर द्यायचं. लेखकाने मसुदा चार वर्षांपूर्वी लिहायला घेतलेला असतो. मधल्या काळात त्याने नोकरी बदललेली असते, नव्या कंपनीला त्या विषयात रस नसतो आणि जुन्या कंपनीचा मेल बंद झालेला असतो. सहलेखक बाळंतपणाच्या रजेवर. पाठीराखा स्वतःच दुसरीकडे एडी झालाय. मग ज्या एडीने हरकत घेतली, तोच अखेर दुरुस्तीचा मजकूर लिहून देतो, आणि आपल्याच हरकतीला आपणच लिहिलेल्या उत्तराने आपलं समाधान झालं असं नोंदवून टाकतो.

मसुदा मंजूर झाला की आरएफसी संपादकांकडे जातो. शेवटच्या टप्प्याचं नाव ऑथ-४८. लेखकांनी ४८ तासांत शेवटची नजर टाकून संमती द्यावी म्हणून हे नाव. सगळ्या लेखकांची संमती लागते. ४८ तास सहज काही आठवड्यांचे होतात. एखादा लेखक सापडेचना, तर त्याच्या जागी संमती कुणी द्यायची? एडीने. रविवारी संध्याकाळी बाणेरमधल्या फ्लॅटमध्ये आवाज येतो, “अरे, ताट वाढलंय. काय बघतोयस एवढं?” “स्वल्पविराम.” “कुणाचा?” “नॉर्वेतल्या एका माणसाचा. तो सापडत नाहीये.”

नॉर्वेवरून आठवलं. या मंडळींना विनोदाचं वावडं नाही. १ एप्रिल १९९० ला डी. वेट्झमन यांनी आरएफसी ११४९ काढून कबुतरांच्या पायाला बांधून इंटरनेटची पाकिटं पाठवायची पद्धत प्रमाणित केली. ११ वर्षांनी नॉर्वेतल्या बर्गनमध्ये लिनक्सवाल्यांनी ती खरोखर अमलात आणली. ९ पाकिटं पाठवली, ४ उत्तरं परत आली, आणि त्यांतलं सर्वांत जलद उत्तर पाऊण तासाहून अधिक वेळाने पोचलं. एडीला आलेल्या मेलांपैकी किती मेलांना वेळेवर उत्तर मिळतं याचा हिशेब मी कुठे पाहिलेला नाही, पण कबुतरांना नावं ठेवताना एडी मंडळी जरा जपूनच बोलत असावीत.

कामाचा बोजा वाढल्याची ओरड नवी आहे, असं कुणी समजू नये. २००३ च्या सुमाराला संस्थेने आपल्या अडचणी शोधायला एक कार्यगट काढला. त्याचं नाव काय ठेवावं? ‘प्रॉब्लेम’. २००४ मध्ये त्याची आरएफसी निघाली, क्रमांक ३७७४. संस्था वाढली पण तिचा कारभार लहान संस्थेचाच राहिला, वरच्या माणसांवर भार फार, सत्ता आणि काम मोजक्या हातांत साचलेलं, अशी कुरकुर तिच्यात रीतसर, प्रकरणवार मांडलेली आहे. ती आरएफसी आज काढून तारीख झाकून वाचली तर कालची वाटेल. मग नवे कार्यगट निघाले. कार्यगट म्हणजे अध्यक्ष आला, सनद आली, मसुदे आले, आणि मसुदे मंजूर करणारी आयईएसजी आलीच. आयईएसजीवरचा भार कमी करण्याबद्दलचे मसुदे आयईएसजीला वाचावे लागले.

२०१३ मध्ये ट्रान्सपोर्ट क्षेत्राला एडी मिळता मिळेना. त्या पदाला नेटवर्कमधली कोंडी सोडवण्याचं शास्त्र येणारा माणूस हवा होता. ते येणारे जगात मोजके. त्यातल्या ज्यांना वेळ होता त्यांच्या कंपनीला सवड नव्हती, आणि ज्यांच्या कंपनीला सवड होती ते आधीच कुठेतरी अडकलेले. कोंडी सोडवणारा माणूस कोंडीत सापडला यावर महिनाभर खल चालला. खलाला अर्थात शेकडो मेल लागले, आणि त्यांना उत्तरं कुणी दिली हे सांगायला नको. २०१५ मध्ये आरएफसी ७४७५ ने एक बंधन सैल केलं: एका क्षेत्राला दोनच एडी हवेत असं नाही, जास्तही चालतील. हा उपाय मला पटतो, पण अर्धाच. दोन एडी असताना कुठलं काम कुणाचं हे ठरवायला एक संभाषण लागायचं. तीन झाल्यावर तीन लागतात.

ही माणसं निवडतं कोण? तिथेही मतदान नाही. नेमणूक समिती असते, नॉमकॉम. तिचे १० मतदार सदस्य स्वेच्छेने नावं देणाऱ्यांतून सोडत काढून निवडतात, आणि सोडत अशी की तिच्यावर जगातल्या कुणालाही शंका घेता येऊ नये. सोडतीची कृती डोनाल्ड ईस्टलेक यांच्या आरएफसी ३७९७ मध्ये आहे. आधीच जाहीर केलेल्या तारखेचे सरकारी लॉटरीचे निकाल वगैरे आकडे घ्यायचे, गणिताच्या चरकातून काढायचे, की ज्या दहा नावांवर बोट पडेल ते दहा. कुणीही घरी बसून तेच आकडे घालून पडताळून पाहावं. लॉटरी आपल्याकडेही आहे; पण लॉटरी लागली म्हणून काम गळ्यात पडतं असा प्रकार मला दुसरीकडे आढळला नाही. एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत. मग हे दहा जण महिनोन्‌महिने उमेदवारांच्या मुलाखती घेतात, गुप्त अभिप्राय वाचतात आणि प्रत्येक उमेदवाराला विचारतात: तुमच्या कंपनीची याला परवानगी आहे ना?

नॉमकॉममध्ये एक गंमत दडलेली आहे. तिच्या सदस्याला त्या वर्षी भरायच्या पदांवर नेमता येत नाही. नियम निःपक्षपातीपणासाठी केलाय. पण ज्याला आपलं नाव एडीपदासाठी पुढे येणार अशी कुणकुण लागलीय, त्याला त्या वर्षापुरतं याहून सुरक्षित घर पृथ्वीवर नाही.

कंपनीची परवानगी, इथे खरी मेख आहे. बिनपगारी म्हणतात ते काम बिनपैशाचं नाही. पैसे कुठल्यातरी कंपनीचे जातात. मोठ्या राउटरवाल्या, ब्राउझरवाल्या, क्लाउडवाल्या कंपन्यांना माणूस अर्धा देणं परवडतं आणि मानदंड ठरताना आपला माणूस खोलीत असणं फायद्याचंही असतं. त्यात गैर काही नाही. पण ज्याच्या मागे अशी कंपनी नाही, म्हणजे विद्यापीठातला प्राध्यापक, छोट्या कंपनीचा मालक, स्वतःच्या हौसेने कोड लिहिणारा, त्याला हे पद दिलं तरी पेलत नाही. बोजा जितका वाढतो तितके उमेदवार त्याच त्या घरांतून येतात. राजे हाकलले होते. जहागीरदार परत येतायत. आणि तिमाही बिघडली की कंपनी पहिला हात घालते ती बैठकांच्या प्रवासखर्चाला. एखाद्या एडीचा मेल येतो, की नोकरी गेलीय, पण पुढच्या गुरुवारच्या सभेचे मसुदे वाचून ठेवतो.

हे सगळं करायचं कशासाठी? या प्रश्नाला मला एक उत्तर मराठीतच मिळालं. संकेतस्थळांची नावं देवनागरीसारख्या लिप्यांत नीट लिहिता यावीत म्हणून २०१० मध्ये आरएफसींचा एक संच निघाला, २०१४ मध्ये .भारत सुरू झालं. त्या संचातल्या आरएफसी ५८९२ मध्ये पडद्यावर दिसत नाहीत अशी दोन चिन्हं आहेत. अक्षरं जोडायची की सुटी ठेवायची हे ती चिन्हं सांगतात. नावांमध्ये न दिसणारी चिन्हं चालू दिली तर ठगांचं फावतं, म्हणून कुणीही शहाणा माणूस सरसकट बंदी घालेल. पण तशी बंदी घातली तर आपल्यासारख्या लिप्यांची जोडाक्षरं पंगू होतात. तेव्हा नियम केला: एरवी बंदी, मात्र आधी हलन्ताचं चिन्ह असेल तर चालेल. हे कळायला हलन्त म्हणजे काय ते कळावं लागतं. एक अक्षर देवनागरी न येणाऱ्या पंधरा माणसांनी कधीतरी एका गुरुवारी ते पान वाचलं असणार. कुणी ‘नो ऑब्जेक्शन’ म्हटलं असेल, कुणी खोदून विचारलं असेल. त्यांना आपण ओळखत नाही, त्यांनाही आपण माहीत नव्हतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला निदान लष्कर कुठल्या बाजूने येतंय ते तरी दिसतं.

दोन वर्षं सरतात, कधी चार, कधी सहा. मार्चमधल्या बैठकीत जुने एडी उतरतात, नवे चढतात. सर्वसाधारण सभेत जाणाऱ्यांचे आभार मानले जातात, एक पाटी हातात देतात, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. घरी सांगून झालेलं असतं: आता गुरुवार मोकळा. आई विचारते, “मग आता त्या डायरेक्टरकीचं काय?” “संपली, आई.” “बरं झालं. वजन बघ किती उतरलंय.”

पुढच्या आठवड्यात नव्या एडीचं पत्र येतं. मजकूर विनयशील असतो. तुमचा अनुभव दांडगा आहे. एक छोटा कार्यगट आहे, दोनच मसुदे, भांडणं जवळजवळ नाहीतच. अध्यक्ष व्हाल का? फार वेळ लागणार नाही.

आणि आपला माणूस, जो गेली चार वर्षं दुसऱ्यांना हेच पत्र पाठवत आला, सनद उघडून वाचायला लागतो. पहिल्याच परिच्छेदात त्याला एक ‘मस्ट’ सापडतो, तोही लहान लिपीतला. तो उत्तर लिहायला घेतो: होकार नंतर कळवतो, पण आधी दुसऱ्या ओळीबद्दल थोडं बोलायचं होतं.